स्लॅबवरची काळी माती

१२ जानेवारी
पुण्याहून परत. ट्रॅव्हल्सने कंबर धरली आहे, पण डोकं ताजं आहे.

आमच्या अनघाच्या सासरच्या सोसायटीच्या गच्चीवर बाग आहे. बाग म्हणजे कुंड्या नव्हेत. स्लॅबवर माती, मातीवर गवत, गवतावर विहीणबाई. सकाळी अनवाणी फिरतात. ग्रीन बिल्डिंग आहे म्हणे, सर्टिफिकेट लिफ्टजवळ लावलंय. खालच्या मजल्याला उन्हाळ्यातही पंखा पुरतो. हे त्यांनी मला चहाआधी सांगितलं, चहानंतर पुन्हा सांगितलं आणि मग मुद्द्यावर आल्या. अनघाचे दिवस जूनमध्ये भरतात. यवतमाळला जून म्हणजे भट्टी. कमलाकरराव, बाळंतपण इथेच होऊ दे. हॉस्पिटल चौकातच आहे.

अनघाने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. ही काय मी सांगायची गोष्ट आहे? मी शांतपणे म्हणालो, आमच्या मागच्या खोलीत जूनमध्ये तिला शाल लागेल. सगळे हसले. रत्नप्रभाने टेबलाखालून चिमटा काढला. मी हसलो नाही.

संकल्प : घरावर ग्रीन रूफ. मार्चअखेर पूर्ण. यवतमाळातलं बहुधा पहिलंच.

१४ जानेवारी, संक्रांत
रत्नप्रभाला योजना सांगितली. म्हणाली, खोलीत कूलर लावू. कूलर! तिच्या विचाराची झेप एवढीच.

स्लॅबची काळजी नाही. स्लॅब बाबांनी उभं राहून टाकून घेतला होता. आणि मी आयुष्यभर बांधकाम खात्यात कारकून होतो. जिल्ह्यातले निम्मे पूल माझ्या टेबलावरून गेले आहेत. इंजिनिअर सही करायचे, पण कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मी मारायचो. तेव्हा तांत्रिक बाजू घरातच आहे.

२२ जानेवारी
व्हिडिओ पाहिले. बंगलोरचा एक दाढीवाला सांगतो, साधी माती चालत नाही, जड होते. नारळाचा भुसा घ्या, अमुक खडे घ्या, खाली वॉटरप्रूफ थर द्या, आणि सगळ्यात आधी इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या. इथे व्हिडिओ बंद केला.

नारळाचा भुसा ज्यांच्याकडे माती नाही त्यांनी घ्यावा. हा कापसाचा जिल्हा आहे. आपल्याकडे सगळ्यात भरवशाची वस्तू कोणती, तर काळी माती.

विठ्ठलरावांना फोन केला. हिवरीच्या रस्त्याला त्यांचं शेत आहे. पूर्वी पांदणरस्त्याच्या अर्जासाठी माझ्या टेबलाशी येऊन बसायचे, तेव्हापासूनची ओळख. म्हणाले, "साहेब, माह्या वावरातली माती म्हंजे लोणी हाय लोणी. तुमी फक्त कुठं टाकायची ते सांगा." छपरावर म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, छपरावर? मग म्हणाले, "टाकू ना. त्यात काय हाय?" शेतकरी माणूस नव्या कल्पनेला लगेच तयार होतो. शिकलेलेच मागे ओढतात.

३ फेब्रुवारी
वॉटरप्रूफ थराचा प्रश्न सुटला. चौकातल्या डेकोरेटरकडे जुन्या फ्लेक्सचा ढीग पडला होता. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. उचलून न्या म्हणाला. कचरा कमी, खर्च नाही, पर्यावरणाचा फायदा. पुण्याच्या लोकांना हे सुचलं नसतं.

आज दिवसभर फ्लेक्स अंथरले. एक हात जोडलेले युवा नेते सरळ माझ्याकडे बघत होते. त्यांच्यावर माती टाकणं प्रशस्त वाटेना, म्हणून पालथे केले. फ्लेक्सला कडेने दोरीची भोकं असतात. निचऱ्याला बरी.

९ फेब्रुवारी
माती आली. मी वीतभर थर म्हटलं होतं. विठ्ठलराव ट्रॅक्टरच्या खेपांवर खेपा आणत राहिले. कमी पडली तर साहेब बोलतील, असं त्यांना वाटलं. शेवटी माती गुडघ्याला लागली. नको म्हणवेना. माणूस प्रेमाने देतो आहे.

रत्नप्रभा खाली अंगणात उभी राहून सगळ्या मजुरांसमोर म्हणाली, "अहो, तुमच्या बाबांनी घर बांधताना इथली काळी माती उपसून बाहेर फेकली होती. मुरूम भरला होता खाली. पाण्याने फुगते आणि भिंती फाडते म्हणून. आणि तुम्ही तीच डोक्यावर नेऊन ठेवून राहिले?"

मी तिला समजावलं. खालची माती भिंती फाडते, कारण तिच्यावर घराचं वजन असतं. इथे वर कसलंच वजन नाही. आकाश आहे. तिला पटलं असावं. आत गेली.

शेवटचं घमेलं पडलं तेव्हा मागच्या खोलीतून कट्‌ असा आवाज आला. रत्नप्रभाने ऐकला. विठ्ठलरावांनी ऐकला. मी ऐकला नाही.

१० फेब्रुवारी
मागच्या खोलीच्या छताला एक रेघ आहे. केसाएवढी. आधीपासून असेल. आपण वर कधी पाहतो? दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून ठेवली. भीती म्हणून नाही. नोंद असावी.

११ फेब्रुवारी
रेघ खुणेच्या पुढे गेली आहे. काल खूण अलीकडे लावली गेली असणार. स्टुलावर चढून मान वर केली की अंदाज चुकतो.

२० फेब्रुवारी
अनघाचा फोन. खोली तयार आहे म्हणालो. बाबा, खरंच थंड आहे का? मी म्हणालो, आत्ताच गारवा जाणवतो. हे खरं आहे. त्या खोलीत गेलं की मला शहारा येतो.

ठरलं. डोहाळजेवण पुण्याला, आणि सातवा संपायच्या आत ती इकडे. आठव्यात प्रवास नको, हे विहीणबाईंनाही मान्य करावं लागलं. जावईबापूंनी, म्हणजे अनिकेतरावांनी, फोन चालू असतानाच एप्रिलचं तिकीट काढलं. धामणगावपर्यंत रेल्वे, पुढे मी गाडी घेऊन जाईन.

पुणे हरलं! चौकातून पेढे आणले. एक पेढा तोंडात असतानाच लक्षात आलं की ती त्या खोलीत झोपणार. म्हणजे रेघेखाली. पेढा कडू लागला. जुना असेल.

२ मार्च
दुर्वा लावल्या होत्या, उगवल्या नाहीत. उन्हाने माती फाटली आहे. काळी माती फाटते हे लहानपणापासून माहीत आहे, पण शेतात. घरावर फाटलेली प्रथमच पाहिली. एका भेगेत माझी चप्पल गेली. हात घालून काढणार होतो, मग तिथे साप-विंचू असायची शक्यता मनात आली. चप्पल जुनीच होती.

पाणी द्यायला हवं. नळाचा भरवसा नाही, म्हणून आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी बादल्यांनी वर. पुनर्वापर. रत्नप्रभा म्हणते, उद्या प्यायचं पाणीही मातीलाच पाजाल.

९ मार्च
यश! भेगा मिटल्या. माती फुगून कणकेसारखी आली आहे. चार-सहा दुर्वांनी डोकं वर काढलं. फोटो काढून अनघाला पाठवला. फोटोत गवत भरपूर दिसावं म्हणून पोटावर झोपून काढला. झोपल्यावर खालून काहीतरी करकरलं. लगेच उठलो. फोटो मिळाला होता.

दुपारी शेजारच्या बेबीताई आल्या. त्यांच्या अंगणाला लागूनच आमची मागची भिंत. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गच्चीचा कठडा माह्या आंगनात वाकून पाहून राह्यला."

त्यांच्या अंगणात जाऊन पाहिलं. कठडा थोडा बाहेर आल्यासारखा दिसतो, पण तो नजरेचा खेळ आहे. खालून वर पाहिलं की सगळंच अंगावर येतं. तसं सांगितलं. तर म्हणाल्या, "मंग माह्या बकरीलेबी नजरेचा खेळ झाला काय? ते तिकडं बसूनच नाही राह्यली."

बकरीच्या मतावर इंजिनिअरिंग चालत नाही, हे मी तोंडावर म्हणालो नाही. शेजारधर्म आहे.

१३ मार्च, होळी
रोज जेवण झालं की मागच्या खोलीत बसतो. छत पाहतो. निरीक्षण महत्त्वाचं. आज बसलो होतो तर रत्नप्रभा आली आणि दारातच थांबली. म्हणाली, डोक्यावर हेल्मेट काहून आहे?

स्कूटरवर जायचं होतं, विसरलो, असं सांगितलं. स्कूटर तर दुरुस्तीला दिली आहे म्हणाली.

हेल्मेटमध्ये एक फायदा आहे. बारीकसारीक आवाज येत नाहीत.

१८ मार्च
सेंट्रिंगवाल्याकडून चार लाकडी बल्ल्या आणल्या. स्लॅबला खालून टेकू म्हणून पलंगाच्या चार कोपऱ्यांना ठोकून बसवल्या आणि त्यांना मच्छरदाणी बांधली. आता कोणाला शंका येणार नाही. बाळंतिणीला मच्छरदाणी लागतेच.

रत्नप्रभा बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मच्छरदाणीला एवढ्या जाड बल्ल्या? मच्छर केवढे येऊन राहिले यंदा?"

१९ मार्च
एक गोष्ट लिहितो. हे पान नंतर फाडायचं आहे.

मला भीती वाटते. पलंगाकडे पाहिलं की त्यावर अनघा झोपलेली दिसते, एका कुशीवर, जशी शाळेत असताना झोपायची, आणि वर ती रेघ. दार वाजलं तरी आधी छताकडे पाहतो. माती उतरवून टाकावी असं दर सकाळी ठरवतो. मग विहीणबाई आठवतात. माती उतरवली की खोली तापणार. खोली तापली की अनघा येणार नाही. ती पुण्यालाच राहील, मूल पुण्याला होईल, पुढेही सगळं पुण्यालाच होईल, आणि आम्ही बारशाला पाहुणे म्हणून जाऊ. रिटायर झाल्यापासून कोणाला माझी गरज पडलेली नाही. ही एक खोली आहे माझ्याकडे द्यायला.

इंजिनिअरला विचारावं का? विचारलं तर तो सांगेल. म्हणून विचारत नाही.

३० मार्च, पाडवा
दरवर्षी गुढी गच्चीवर. यंदा रत्नप्रभाने ती फाटकाला बांधली. मी आग्रह केला नाही. फाटकाला बांधली की रस्त्यावरच्यांनाही दर्शन होतं.

पाणी देणं थांबवून बरेच दिवस झाले. थांबवलं असं नाही, गुडघा दुखतो. जिना चढवत नाही. गवत बहुतेक वाळलं असेल. वाळलेलं गवतही सावली देतंच.

४ एप्रिल
मोबाइलवर इशारा आला. अवकाळी पाऊस, वादळ, गारपिटीची शक्यता. पिवळा रंग दाखवतात.

पाण्याने माती फुगते. बादलीभर पाण्याने कठडा वाकला. पावसाने काय होईल? काही नाही होणार. पिवळाच रंग आहे. लाल असता तर गोष्ट वेगळी.

ताडपत्री आणली. ती घेऊन जिन्याच्या अर्ध्यापर्यंत गेलो. पुढे पाय उचलेना. गुडघा. ताडपत्री जिन्यातच ठेवली आहे, उद्या टाकू.

५ एप्रिल
आज अनघाला स्पष्ट सांगायचं ठरवलं. येऊ नकोस, बेटा. इथे फार ऊन आहे. दोन वाक्यं. आंघोळ करताना पाठ केली. फोन लावला. तिनेच सुरुवात केली. बॅग भरून झाली. कोणत्या साड्या घेऊ? डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं. मागून विहीणबाई म्हणत होत्या, जातेस तर जा, पण घामोळं आलं तर मला सांगू नकोस. अनघा हसत होती. किती दिवसांनी अशी हसली.

मी म्हणालो, येताना स्वेटर आण.

६ एप्रिल
अक्षर वाचता आलं तर पाहू.

दुपारी आभाळ भरून आलं. वारा सुटला. मी लगेच बेबीताईंच्या ओसरीत जाऊन उभा राहिलो. तिथून आपल्या घराचं निरीक्षण चांगलं होतं. रत्नप्रभा स्वयंपाकघरात होती. पहिल्या गारा पडल्या तसा मी ओरडलो, बाहेर ये. ती म्हणाली, तव्यावर पोळी आहे. मी इतक्या जोरात ओरडलो की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती पोळी टाकून धावत आली, हाताला पीठ तसंच.

बेबीताई दोरीवरचे कपडे काढत होत्या. आमच्या भिंतीकडची ओढणी तेवढी राहिली होती. त्या तिकडे वळल्या आणि बकरी जोरात ओरडली, म्हणून मागे बघत थांबल्या. तेवढ्यात कठडा आला. वाकला, आणि अख्खाच्या अख्खा, मातीसकट, फ्लेक्ससकट खाली. दोरी गेली, ओढणी गेली, धुण्याचा दगड फुटला. बेबीताईंच्या पायापासून हातभर अंतरावर.

त्या ओट्यावर बसल्या. रत्नप्रभाने त्यांना धरलं. मला काहीतरी बोलायचं होतं. मी फुटलेल्या दगडाचे तुकडे गोळा करू लागलो. त्यांनीच माझ्याकडे पाहून म्हटलं, "भाऊ, मी मेली असती ना." रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. तसं म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारल्यासारखं म्हणाल्या.

मागच्या खोलीत छतातून पाणी गळतंय. फ्लेक्सच्या रंगाचं, गुलाबी. पलंगावर, बरोबर उशीच्या जागी. मी आत गेलो नाही. रत्नप्रभाने जाऊन पाहिलं.

तिने उशी पिळून वाळत घातली आणि माझं ताट वाढलं. यापेक्षा भांडलेली परवडते.

७ एप्रिल
विठ्ठलरावांना फोन केला, माती परत घेऊन जा. म्हणाले, "साहेब, आता ते वली हाय, फुगेल हाय. तिले हात नका लावू. सुकू द्या." मग म्हणाले आवाज येत नाही. आवाज स्पष्ट येत होता. दुपारपासून फोन बंद.

मजूर आले, वर पाहिलं, सुकल्यावर येतो म्हणाले.

उद्या अनघा. आता गाडीत बसली असेल.

८ एप्रिल
धामणगाव स्टेशनावर तिला सगळं खरं सांगायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत पाठवायचं, असं पक्कं ठरवून गेलो.

डब्याच्या दांड्याला धरून सावकाश उतरली. पोट पाहून मला रडू आलं. धूळ फार आहे त्या स्टेशनावर. वाकून नमस्कार करायला लागली, तिला धरलं. ती म्हणाली, बाबा, खोली कशी आहे? मी वाटेत तयार केलेली सगळी वाक्यं विसरलो. म्हणालो, खोली पडली नाही.

ती बाकावर बसून हसायला लागली. तिला सगळं माहीत होतं. फेब्रुवारीपासून. रत्नप्रभा रोज सांगत होती. बल्ल्या, बकरी, हेल्मेट, सगळं. विचारलं, मग तू आलीस काहून? तेव्हा हसायची थांबली. म्हणाली, "बाबा, मला बाळंतपणाची खूप भीती वाटून राहिली. तिकडे सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा. कोणाला सांगताच येत नाही. मला आईजवळ यायचं होतं. खोली थंड आहे की गरम, मला काय करायचं आहे?"

मला म्हणायचं होतं, मलाही वाटते. तुझी, छताची, सगळ्याची. बरोबर बसून घाबरलो असतो.

मी म्हणालो, भिऊ नकोस, मी आहे ना.

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. हेल्मेट नव्हतं. तरी पुन्हा हसली.

९ एप्रिल
मुक्काम बेबीताईंकडे. त्यांची बाहेरची खोली टिनाच्या पत्र्याची आहे. ज्या बाईवर आपला कठडा पडत होता, तिने स्वतः होऊन खोली दिली. "लेकरू काय दोघांचं अस्ते काय? सगळ्याईचं अस्ते," म्हणाल्या. मी कठड्याबद्दल माफी मागायला गेलो. त्यांनी आधी चहा प्यायला लावला आणि मग म्हणाल्या, ते विटा तेवढ्या उचलून घ्या भाऊ.

रत्नप्रभाने कूलर आणला. तिची तिने जाऊन आणला. टिनाखालच्या त्या खोलीत अनघा पांघरूण घेऊन झोपली आहे. कूलरमुळे दमटपणा वाढतो, हे मी फक्त एकदाच म्हणालो.

२६ एप्रिल
माती उतरली. सुकून दगड झाली होती, टिकावाने फोडावी लागली. घाव पडला की मी बेबीताईंच्या ओसरीतून उठून रस्त्यावर जात होतो. मजुरांवर लांबून लक्ष ठेवलेलं बरं, त्यांना मोकळं वाटतं.

५ मे
अनघाच्या वर्गातली उर्वशी स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली आहे. तिला बोलावलं. मी नाही, अनघाने. उर्वशीने छत ठोकून पाहिलं, कसलं तरी यंत्र फिरवलं, वर जाऊन आली. म्हणाली, काका, स्लॅबला काहीही झालेलं नाही. आजोबांनी दणकट टाकून घेतला आहे. रेघ प्लास्टरची आहे. कठडा नुसत्या विटांचा होता, मातीने ढकलला म्हणून गेला. आता माती नाही, बिनधास्त राहा. बल्ल्या काढून टाका, अडखळून पडाल.

म्हणजे मी ज्याला घाबरत होतो ते मजबूत होतं. घाबरत होतो म्हणजे, ज्याचं निरीक्षण करत होतो. आणि जे पडणार होतं ते शेजारीण आणि बकरी दोघींनी मला सांगितलं होतं.

रत्नप्रभा आणि अनघा संध्याकाळीच घरात राहायला गेल्या. कूलरही गेला. मी काही दिवस बेबीताईंच्या अंगणातच खाट ठेवणार आहे. मोकळी हवा.

१८ मे
जेवायला फाटकाशी ताट मागवून घेतो. आत पंख्याचं वारं अंगावर येतं, सोसत नाही. उर्वशीने लिहून दिलेलं सर्टिफिकेट रत्नप्रभाने मला दाखवलं. पुण्याच्या लिफ्टजवळ लावलं होतं तसंच कडक कागदाचं आहे. वाचलं. इंग्रजी शुद्ध आहे. पण कागद म्हणजे कागद. मी आयुष्यभर कागदच पाहिले.

काल उंबऱ्यापर्यंत गेलो होतो. वर पाहिलं. काम आठवलं, परत आलो.

बेबीताई आज बकरीला पाणी पाजताना म्हणाल्या, "भाऊ, तुमी आता माह्याच घरी राह्यता काय?" थट्टेने. मीही हसलो. बकरी आता माझ्या खाटेजवळ बसते.

९ जून
मुलगी झाली! काल. दोघी सुखरूप.

कळा सुरू झाल्यापासून मी हॉस्पिटलच्या आवारात बाहेर कडुलिंबाखाली उभा होतो. अनिकेतराव येऊन म्हणाले, बाबा, आत बसा ना. मी म्हणालो, आत गर्दी. ते खूप घाबरलेले होते बिचारे. मी त्यांना धीर दिला.

विहीणबाई पुण्याहून आल्या. नातीला पाहून रडल्या. मग म्हणाल्या, कमलाकरराव, यवतमाळ वाटलं होतं तेवढं काही गरम नाही. इतके महिने ज्या वाक्यासाठी धडपडलो ते असं आयतं, व्हरांड्यात, चहाचा कप हातात असताना मिळालं. काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

संकल्प : घरी येईल तेव्हा नातीला मीच आत नेणार. आजोबांचा मान असतो. आता भीतीचं काही कारणच उरलेलं नाही. कधी नव्हतंच.

१२ जून, दुपारी
घरी आणलं. भाड्याची गाडी केली होती. फाटकाशी सगळे उतरलो. रत्नप्रभा भाकरतुकडा आणि पाणी घेऊन दारात उभी. दोघींवरून ओवाळून टाकला. विहीणबाई, अनिकेतराव, बेबीताई, सगळे बाजूला झाले. अनघाने बाळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, "बाबा, तुम्हीच न्या आत. तुमचीच खोली आहे."

केवढीशी आहे. झोपली होती. ओठ हलवत होती. मी उंबऱ्यापर्यंत गेलो. आत सगळं स्वच्छ, कूलर चालू, छताला नवा चुना, रेघ दिसतसुद्धा नव्हती. कुठे होती ते मला माहीत आहे. एक पाय उचलला. तो तसाच राहिला. मागे सगळे थांबले होते. रत्नप्रभा हळूच म्हणाली, "अहो, काही नाही होत." किती वेळ गेला कोण जाणे. घाम डोळ्यांत उतरला. बाळाला ऊन लागत होतं.

मग मी तिला बेबीताईंच्या हातात दिलं. त्या तिला घेऊन, डोक्यावर पदर सावरत, सरळ आत गेल्या. मागून बाकीचे गेले.

मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी गाडी सावलीत लावून येतो. गाडी केव्हाच निघून गेली होती.